दोन ओळी कळवायच्या होत्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ओपन सोर्समधल्या निनावी मंडळींना चाप लावा, हा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. सोमवारी पुन्हा वाचला, कारण रविवारी राग आला होता आणि रागात प्रूफ वाचू नये असं आमच्या छापखान्यात शिकवलं होतं. सोमवारीही राग तेवढाच आला, म्हणून हे पत्र.

ओपन सोर्स म्हणजे कुणालाही मोफत वापरता, पाहता आणि सुधारता येणारं काम; तिथे खातं उघडल्याशिवाय आणि मोबाइल नंबर दिल्याशिवाय कुणाला एक अक्षरही लिहू देऊ नये, असं लेखक म्हणतात. त्यांनी स्वतः असं खातं कधी उघडलंय का, ते लेखात कुठे सापडलं नाही.

मी उघडलंय. पुतणीच्या लग्नाची पत्रिका घरीच जुळवत होतो. छत्तीस वर्षं मुद्रितशोधक होतो, त्यामुळे अशी कामं नातेवाईक हक्काने माझ्या गळ्यात घालतात. एक मोफत, ओपन सोर्स मराठी फॉन्ट वापरला. फॉन्ट देखणा आहे, ज्यांनी केला त्यांचं कौतुकच आहे. पण नव्या आवृत्तीत 'वऱ्हाडी मंडळी'चा आडवा अर्धा र उठून थेट ह च्या डोक्यावर जाऊन बसला. मुलाकडचे कऱ्हाडचे, त्यांच्या गावाचीही तीच गत. हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. हा र चुकला की आचाऱ्याला द्यायचा विडा आचार्याला जातो आणि सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो. जुन्या आवृत्तीत सगळं ठीक होतं, म्हणजे मधे कुणाच्या तरी हातून एक नियम गळला असणार. मला त्यांना एवढंच कळवायचं होतं. मजकूर दोन ओळींचा.

फॉन्टवाल्यांच्या तक्रारीच्या पानावर गेलो, तर आधी खातं उघडा म्हणाले. नाव देवनागरीत लिहिलं तर 'अवैध अक्षर'. मराठी फॉन्टची तक्रार, पण तक्रारदाराचं नाव मराठीत चालत नाही! रोमनमध्ये लिहिलं तर ते आधीच कुणी घेतलेलं. शेवटी नावापुढे जन्मसाल जोडलं. मग पासवर्ड: एक मोठं अक्षर, एक अंक, एक चिन्ह. मग आपण यंत्र नाही हे पटवायला नऊ चौकोनांतून फायर हायड्रंट (आग विझवायच्या पाण्याचा रस्त्यावरचा नळ) ओळखा. मिरजेत जन्म गेला, फायर हायड्रंट कशाशी खातात हे मला नातवाने सांगितलं. दोनदा नापास झालो. पुष्टीची ईमेल स्पॅममध्ये जाऊन पडली होती. ती सापडेपर्यंत दुव्याची मुदत संपली. दुसरी मागवली. आत गेलो तर नव्या खात्यांनी २४ तास थांबावं, अशी पाटी. पत्रिका तोवर दुसऱ्या फॉन्टमध्ये छापून आली होती. पण मी हट्टी आहे, थांबलो आणि शब्दांचे फोटो जोडून तक्रार नोंदवली.

उत्तर आलं, दोन महिन्यांनी. यंत्राचं. या तक्रारीवर ६० दिवसांत काही हालचाल झाली नाही, सबब ती बंद करण्यात येत आहे, आपल्या योगदानाबद्दल आभार.

म्हणजे नाव दिलं, ईमेल दिली, हायड्रंट ओळखले, आणि ज्याने तक्रार निकाली काढली त्याला मात्र ना नाव ना गाव. निनावी मंडळींविरुद्ध एवढा तावातावाने लेख लिहिणाऱ्यांनी यावरही दोन ओळी खरडाव्यात.

आता लेखातला मोठा दाखला, सीगेनथालर प्रकरण. २००५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर कुणीतरी खातं न उघडता त्या ज्येष्ठ पत्रकाराचं नाव केनेडी बंधूंच्या हत्येशी जोडलं आणि ते चार महिने तसंच राहिलं. वाईटच झालं. पण तो लिहिणारा सापडला कसा, हे लेखकांनी सोयीस्करपणे गाळलंय. खातं नसल्यामुळे त्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट-जोडणीचा क्रमांक, पानाच्या इतिहासात उघडा पडला होता, त्यावरून माग लागला. खातं काढून, कुठलंही टोपणनाव घेऊन लिहिलं असतं तर तो पत्ता पानावर कुणाला दिसलाही नसता. आणि त्यानंतर विकिपीडियाने काय केलं? बिनखात्याच्या माणसाला नवा लेख सुरू करण्याची बंदी घातली. असलेल्या लेखातली चूक दुरुस्त करायची मुभा ठेवली.

उलट बाजूचा दाखला लेखात नाही, तो मी देतो. एक्सझेड युटिल्स, फाइली दाबून लहान करणारं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर. 'जिया टॅन' या नावाचं रीतसर खातं. दोन वर्षांहून जास्त काळ गोड बोलून कामं केली, एकट्याने प्रकल्प सांभाळणाऱ्या थकलेल्या माणसाचा विश्वास मिळवला आणि २०२४ मध्ये ५.६.० आवृत्तीत चोरदरवाजा बसवला. लॉग इन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून आंद्रेस फ्रॉइंड नावाचे एक प्रोग्रामर खोदत बसले, म्हणून जग वाचलं. जिया टॅन खरा कोण, हे आजही माहीत नाही. ज्याला दरोडा घालायचाय तो दारावरच्या वहीत आनंदाने सही करतो हो, परत फिरतो तो माझ्यासारखा दोन ओळी सांगायला आलेला.

कचरा-जाहिराती टाकणाऱ्या यंत्रांचा त्रास मला मान्य आहे, तो उपसणारे फुकट काम करतात. लिनक्स या ओपन सोर्स संगणकप्रणालीच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, २००४ पासून प्रत्येक बदलाखाली पाठवणाऱ्याची सही लागते, तेही पटतं, उद्या मालकीवरून खटला झाला तर उत्तर द्यायला माणूस हवा. पण कोड घालणं वेगळं आणि 'इथे र चुकलाय' म्हणणं वेगळं. लिनक्सचाच एक अवतार असलेल्या डेबियनचे लोक आजही बगची, म्हणजे चुकीची, तक्रार साध्या ईमेलने घेतात, खातं लागत नाही. ईमेल सगळ्यांना दिसते, एवढं सोसायचं. १८४८ साली 'प्रभाकर'मध्ये 'लोकहितवादी' या नावाने पत्रं यायची, ती ओटीपीवाचून छापली गेली, हे मराठी वर्तमानपत्राला मी सांगायचं?

आपल्याबद्दलही थोडं. हा लेख नातवाला दाखवायला ई-पेपर उघडला तर मोबाइल नंबर मागितलात. दिला. त्या दिवसापासून कोकणातले एनए प्लॉट विकणाऱ्यांचे फोन येताहेत. योगायोग असेल.

आणि त्याच लेखाच्या तिसऱ्या रकान्यात 'दुसऱ्या' या शब्दातला र डोक्यावर चढलाय, दोनदा. फॉन्ट ओळखीचा दिसतो. आपल्याकडे कुणाचं तरी खातं असेलच, तक्रार पुन्हा उघडायला सांगावी. फोटो माझ्याकडे आहेत.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक, मिरज
(आपल्या नियमाप्रमाणे नाव, पत्ता व फोन सोबत दिला आहे. छापू नये.)