वेळ होता

कोल्हापूर,
मंगळवार रात्र

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

परवा रविवारी फोनवर तू सहज विचारलंस, "आई, दुसरी कादंबरी कुठवर आली गं?" आणि मी म्हणाले, "वेळच मिळत नाही रे." तू "हं" केलंस आणि आपण आजीच्या शुगरवर बोलायला लागलो. फोन ठेवल्यावर मला झोप लागेना. तीन वर्षांत हा प्रश्न मला दुसऱ्या कुणी विचारला नव्हता. तू विचारलास आणि मी त्याचं खोटं उत्तर दिलं. हे फोनवर बोलायला जमणार नाही, पप्पा शेजारीच बसलेले असतात. म्हणून लिहितेय.

वेळ नाही म्हटलं की कुणालाही पटतं. घर तुला माहीत आहे. पहाटे पावणेपाचला नळाला पाणी, धरणावरून थेट पाइपलाइन आली तरी आपल्या गल्लीची वेळ काही बदलली नाही. मग आजीचं इन्सुलिन, दोन डबे, पप्पांची उद्यमनगरची पहिली पाळी. दहाला मी पतसंस्थेत, सहाला परत, येताना भाजी. पण रात्री साडेनऊ ते साडेदहा मी मोबाईल हातात धरून बसलेली असते. कुणाच्या तरी मुलीचं लग्न, कुणाची तरी काशीयात्रा. तो तास रोज असतो. वही शेजारच्या फळीवर असते, हात लांब केला तरी पोचेल इतकी जवळ.

वेळ नव्हता, हे मी याआधीही एकदा सांगितलंय. तुला, पप्पांना, सगळ्या नातेवाइकांना. २०१९ च्या पुरात.

तू तेव्हा अकरावीत होतास. ऑगस्टचा पहिला आठवडा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि नदी त्या वेळी ५५ फुटांच्या वर गेली. आपल्या कुंभार गल्लीत पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा तू आजीला पाठीवर घेऊन जिना चढलास. त्यानंतर आपण गहू वर नेला, कागदपत्रांची पेटी, शिलाई मशीन, सिलिंडर, तुझी पुस्तकं. माझ्या पहिल्या कादंबरीच्या छापील प्रतींचे गठ्ठे पलंगाखालीच राहिले. "पाणी इतकं भरभर चढलं की वेळच मिळाला नाही," असं मी पुढे वर्षभर सांगत होते.

वेळ होता, अनिकेत. शेजारच्या काकूंच्या गच्चीवर आपण सगळ्यांनी चहा प्यायला, तुला आठवत असेल. तेवढ्यात दोन खेपांत सगळे गठ्ठे वर आले असते. तू विचारलंसही होतंस, "आई, तुझी पुस्तकं?" मी म्हटलं, "राहू दे, आधी तो गव्हाचा डबा ने." गव्हाचा डबा तू नेलास आणि परत खाली आलास, जिन्यात उभा राहून माझ्याकडे बघत होतास. मी काही बोलले नाही. आपल्या हातानं लिहिलेली वस्तू वाचवा, असं घरातल्या माणसांना सांगायची मला लाज वाटली. आजीच्या औषधापुढे, तुझ्या शिक्षणापुढे त्याला काय म्हणून पुढे करायचं?

पाणी उतरल्यावर गठ्ठ्याची सुतळी कापली तर पानं सुटी होईनात. पुस्तक फुगून विटेएवढं झालेलं, मुखपृष्ठावरचा चकचकीत पापुद्रा निघून खालचा कागद भिजल्या भाकरीसारखा लिबलिबीत. मी पानापानांत जुनी वर्तमानपत्रं घालून ती गॅलरीत पंख्याखाली मांडली. दुसऱ्या दिवशी बघते तर पान ११२ वर कापडदुकानाची जाहिरात उलटी उमटलेली, माझ्या ओळींवरच. १७० प्रती गेल्या. महापालिकेची गाडी आली तेव्हा चिखलानं भरलेल्या गाद्यांबरोबर मी त्या स्वतः उचलून टाकल्या.

त्याच दिवशी कुंभारमामांच्या दारात शाडूच्या मूर्तींचे नुसते ढीग झाले होते. कच्चीच माती ती, पाण्यात विरघळून गेलेली. गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती, महिनाही हातात नव्हता. तरी आठवडाभरात मामा पुन्हा माती मळायला बसले. मी म्हटलं, "मामा, तुम्ही धीराचे." ते म्हणाले, "धीर कसला वयनी, चतुर्थीला गणपती लागत्यातच लोकास्नी. तुमच्या पुस्तकाची कोण वाट बघतंय, तुमी सावकाश करा." त्यांनी ते मायेनंच म्हटलं होतं. मी घाई करू नये, असंच त्यांना सांगायचं होतं. पण "कोण वाट बघतंय" एवढं वाक्य माझ्यात जे रुतलं ते अजून निघालेलं नाही.

ते खोटंही नाही ना. पतसंस्थेत मी सव्वीस वर्षं काम केलं, ३१ मार्चचा ताळेबंद माझ्यामुळे कधी रखडला नाही. लेखापरीक्षक येणार म्हटलं की रात्री दहापर्यंत बसून मी एकेक रुपया जुळवते. मला कुणी तारीख दिली की मी ती पाळते. कादंबरीला तारीख देणारं कुणी नाही. प्रकाशक नाही, संपादक नाही. स्वतःच पुस्तक काढायचं म्हणजे स्वतःच लिहायचं, स्वतःच मुद्रितं तपासायची, छापखान्यात बारा फर्म्यांचा हिशेब करायचा, कागद निवडायचा आणि दुकानात जाऊन आपलंच पुस्तक ठेवा म्हणून विनवायचं. दुकानदारानं चाळीस टक्के मागितले, तेही पैसे विक्री झाल्यावर. पाचशे प्रतींना ४७,००० रुपये गेले होते, त्यातले २१४ प्रतींचे काय ते परत आले. पप्पा त्यावरून आजवर एक शब्द बोलले नाहीत, हे तुला मुद्दाम सांगते.

मग पहिली कादंबरी तरी कशी झाली, असं तू विचारशील. मी हेच दोन रात्री आठवत होते. आमच्या कचेरीतल्या रोखपाल बाई तुला आठवतात? तुला श्रीखंडाच्या वड्या द्यायच्या त्या. डबा खाताना मी त्यांना आदल्या रात्रीचं पान वाचून दाखवायची. त्यांनी कधी "छान" म्हटलं नाही. नुसतं विचारायच्या, "मग? पुढं काय झालं तिचं?" दुसऱ्या दिवशी पुढचं पान नसलं तर भाजीची वाटी माझ्याकडे सरकवायच्या नाहीत. २०२१ ला त्या निवृत्त झाल्या आणि मुलाकडे राहायला गेल्या. माझं लिखाण त्याच वर्षी थांबलं. इतकी वर्षं मी त्याचं खापर पुरावर फोडलं, आजीच्या आजारपणावर फोडलं, तुझ्या बारावीवरही फोडलं असेल. पूर तर त्याच्या दोन वर्षं आधी येऊन गेला होता. विचारणारं माणूस गेलं, एवढंच झालं होतं.

मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. पहाटे चारला उठून बघितलं, आठ दिवसांत कचेरीत व्हाउचरवर डोकं टेकून झोपले. रोज हजार शब्द लिहायचे असं ठरवलं, तिसऱ्या दिवशी दोनशे झाले आणि त्या आठशे शब्दांच्या ओझ्यानं पुढचे तीन आठवडे वही उघडली नाही. कर्जाच्या जुन्या छापील अर्जांची कोरी बाजू मी लिहायला वापरते. ते कागद संपले, हेही एक कारण मी चार महिने वापरलं.

एक गोष्ट मात्र मला आधार देते, आणि ती तुला कधी सांगितली नाही. पुस्तक छापलं की त्याची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवावी लागते, १९५४ चा कायदा आहे तसा. मी पाठवली होती, भवानी मंडपाजवळून ब्राऊन पेपर आणून, वर स्केचपेननं पत्ता घालून. पूर ओसरल्यावर गॅलरीत त्या फुगलेल्या विटा बघत असताना मला एकदम ती आठवली. तिकडे कोलकात्यात एका फळीवर माझी एक प्रत कोरडी आहे. कुणी उघडत नसेल, पण कोरडी आहे.

आता दुसऱ्या कादंबरीबद्दल. तिच्यातली माझी पार्वती अकरा महिने गुऱ्हाळात काहिलीजवळ, उसाचा रस आटवायच्या त्या मोठ्या कढईजवळ, उभी आहे. नवरा गेल्यावर गुळव्याचं, म्हणजे गूळ करणाऱ्याचं, काम तिनं अंगावर घेतलंय, पहिलंच आधण आहे, आणि काहील कधी उतरवायची हे तिला सांगायचंय. मला तेच लिहिता येत नव्हतं, कारण ते मी कधी जवळून बघितलंच नव्हतं. गेल्या महिन्यात एका रविवारी पप्पांना घेऊन मी करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर गेले. सकाळपासून दुपारपर्यंत चुलवाणाशी बसले. चुलवाणात चिपाडं सारत होते, भेंडीचं पाणी घातल्यावर मळी वर येत होती आणि ती झाऱ्यानं काढत होते. रस आधी हिरवट, मग मातकट, मग तांबूस. शेवटी गुळव्यानं थेंबभर पाक पातेल्यातल्या गार पाण्यात टाकला, बोटांनी त्याची गोळी वळली आणि पातेल्याच्या काठावर आपटली. टण्ण असा आवाज आला. तो तोंडानं काही बोलला नाही, नुसती मान हलवली आणि चौघं काहिलीकडे धावले. गोळी वळून काहील उठेपर्यंत सगळ्यांचे श्वास थांबलेले. घरी आल्यावर साडीला दोन दिवस धुराचा वास होता. मी ती मुद्दाम धुतली नाही.

त्या रात्री मी लिहू शकले असते. लिहिलं नाही, मोबाईल बघितला. लिहिलं ते काल, तुझा फोन येऊन गेल्यावर. चार पानं झाली. ती या पत्राला टाचली आहेत.

तुझ्याकडे एक मागणं आहे. दर गुरुवारी रात्री दहाच्या आत मी तुला चार पानं पाठवीन, मोबाईलवर फोटो काढून. तू ती वाच किंवा वाचू नकोस. छान आहे म्हणू नकोस, चुका काढू नकोस. दहा वाजले आणि पानं आली नाहीत, तर फोन कर आणि विचार, "पुढं काय झालं तिचं?" मी वेळ नाही म्हणाले तर ऐकून घेऊ नकोस. तुझं नवं काम आहे, तुझे गुरुवार तुझे आहेत, हे मला कळतं. झेपणार नसेल तर स्पष्ट सांग, मी रोखपाल बाईंचा नंबर शोधीन. पण आधी तुला विचारते, कारण पाणी चढत असताना जिन्यात उभा राहून तूच विचारलं होतंस.

कांदालसूण चटणीचा डबा गल्लीतला पोरगा शनिवारी पुण्याला येताना आणतोय, त्याच्याकडून घे. आजी म्हणते तुझा आवाज बसल्यासारखा वाटतो, रात्री हळद-दूध घेत जा.

चौथ्या पानाच्या शेवटी पार्वतीनं गोळी काठावर आपटली आहे. आवाज कसा आला ते मी अजून लिहिलेलं नाही. परवा गुरुवार आहे.

तुझी,
आई