काका, तुम्ही मला मुलांसमोर खोटं पाडलं नाहीत

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

पत्र असं जाहीर लिहितेय, कारण पेढ्यांचा बॉक्स दिला तेव्हा तुम्ही "कशाला, कशाला" म्हणत तो आमच्याच शिपाईमामांच्या हातात ठेवलात. हे आता कुणाच्या हातात ठेवणार?

दहावीच्या विज्ञानातला प्रजननाचा धडा मी नऊ वर्षं शिकवतेय. द्विविभाजन (एकाचे दोन होणं), कलिकायन (अंगाला कळी फुटून नवा जीव होणं), खंडीभवन (तुकड्यांतून नवे जीव होणं), सगळं फळ्यावर. नाशिकजवळच्या मखमलाबादच्या पुढची आमची शाळा. सूक्ष्मदर्शक एकच, तोही कपाटात, आणि किल्ली कुणाकडे यावर दोन मतं. यंदा एका मुलानं विचारलं, "मॅडम, तुम्ही स्वतः पाहिलंय का हे?" मी "हो" म्हणाले. बी.एस्सी.ला रंगवलेल्या तयार स्लाइडवरचा मेलेला अमीबा पाहिला होता, तेवढ्यापुरतं ते "हो" खरं.

मग कुणीतरी तुमचं नाव सांगितलं. कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या लॅबमधून निवृत्त झालेले काका. तुम्ही सिटी बसनं आलात, मांडीवर बरणी धरून. वाळलं गवत उकळून गार केलेलं पाणी, त्यात तळ्याचं थोडं पाणी, आठ दिवस सावलीत. मुलांनी नाकं दाबली तेव्हा म्हणालात, "वास सुटला म्हणजे स्वयंपाक झाला. जिवाणू वाढले, आता खाणारे वाढतील."

बरणीतल्या पॅरामेशिअमच्या, म्हणजे त्या पळणाऱ्या एकपेशीय जिवांच्या, आधी तुम्ही यीस्ट दाखवलंत, ते बरं केलंत. बेकरीच्या सामानाच्या दुकानातली पुडी, कोमट पाणी, चिमूटभर साखर आणि तासभर धीर. चारशे पट मोठं केल्यावर प्रत्येक गोल पेशीच्या कडेला एक बारका फुगवटा, काहींना दोन-दोन. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, ही लेकुरवाळी आहे!" कलिकायन हा शब्द त्या वर्गात आता कुणी विसरणार नाही. मिथिलीन ब्लूचा थेंब टाकून निळ्या झालेल्या त्या मेलेल्या पेशी, हेही तिथेच कळलं.

पुढचा प्रसंग तुम्ही विसरला असाल, मी नाही. पॅरामेशिअम फार पळतात म्हणून थेंबात कापसाचे तंतू सोडलेत, काच सुकू नये म्हणून कडेला व्हॅसलीन लावलंत. मी डोळा लावला, तर दोन पॅरामेशिअम चिकटलेले. "बघा, द्विविभाजन!" मी जवळजवळ ओरडलेच. बेचाळीस मुलं रांगेनं बघून गेली, वहीत आकृती काढून गेली. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत.

शाळा सुटल्यावर काच पुसता पुसता म्हणालात, "मॅडम, ते दोघं शेजारी शेजारी होते ना? विभाजन होताना आगगाडीच्या डब्यांसारखे एकामागे एक असतात. मधोमध आडवी कंबर बारीक होत जाते. हे मघाचं म्हणजे संयुग्मन. दोघं केंद्रकाचा वाटा एकमेकांना देतात आणि आपापल्या वाटेनं जातात. दोनाचे दोनच राहतात." म्हणजे मी अलैंगिक प्रजननाच्या तासाला नेमकं उलट दाखवलं होतं! मला हसूही आलं आणि कानही तापले. दुसऱ्या दिवशी मुलांना मीच चूक सांगितली. चाळीस मुलांदेखत मला खोटं पाडणं तुम्हाला सहज जमलं असतं. आभार मानायचे ते सगळ्यात आधी त्याचे.

खरं विभाजन तिसऱ्या दिवशी सापडलं. वीज नव्हती, तुम्ही सूक्ष्मदर्शकाचा आरसा खिडकीतल्या आभाळाकडे वळवलात. कंबर बारीक झालेला एक धरला आणि पाऊण तास पाळ्या लावल्या. तुटण्याचा क्षण नेमका आला तो कधीच न बोलणाऱ्या एका मुलीच्या पाळीला. "गेले दोघं," एवढंच म्हणाली. मी स्वतः तो क्षण पाहिलाच नाही, काका.

त्यानंतर मुलं काय काय आणू लागली! एकानं बापाच्या बागेतलं डाऊनी रोग आलेलं द्राक्षाचं पान आणलं. पानामागची पांढरी बुरशी काचेखाली झाडासारखी फांद्याफांद्यांची, टोकांना लिंबाच्या आकाराच्या बीजाणुधानी, म्हणजे बीजाणूंच्या पिशव्या. "याच्यासाठी एवढ्या फवारण्या?" म्हणाला, आणि बराच वेळ बाजूला झाला नाही. नाशिकच्या मुलांना बीजाणू शिकवायला पावाच्या बुरशीपर्यंत जायलाच नको, हे मला नऊ वर्षांत का सुचलं नसावं?

तुम्ही सांगितल्याप्रमाणे गंगापूर धरणाच्या बाजूनं पाणवनस्पती आणून काचेच्या बरणीत उजेडाला ठेवल्या. दोन दिवसांनी काचेवर हायड्रा, दोऱ्याच्या तुकड्याएवढा पाण्यातला जीव! १७४४ मध्ये ज्याचं हायड्रावरचं पुस्तक आलं तो ट्रेम्ब्लेही हेगजवळ एका सरदाराच्या दोन मुलांचा शिक्षकच होता, हे तुम्हीच सांगितलंत. फिशटँकच्या दुकानातून डाफ्निया, म्हणजे पाण्यातले बारके जीव, आणून हायड्राला घालते. घरचे म्हणतात, आमच्यापेक्षा त्याची जास्त काळजी.

परवा अंगावरची एक कळी सुटली. आता एकाचे दोन झालेत. धाकटा तुमच्यासाठी वेगळ्या बाटलीत ठेवलाय, झाकण सैल आहे. रविवारी घेऊन येते. हा मात्र शिपाईमामांना देऊ नका.

तुमची,
मखमलाबादकडची मॅडम