बुधवारच्या आधी

मुंबई, 9 नोव्हेंबर 2025

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

काल फोन मी आपटला, चूक माझी. तू लीड्सच्या हेडिंग्ली मैदानावरून बाहेर पडून गर्दीतून चालत होतास, आवाज तुटत होता आणि मी इथून ओरडत होतो. आई रात्री नीट जेवली नाही. म्हणाली, पोरगं बावीस वर्षांनी आलेली रग्बी लीगची ॲशेस मालिका बघायला गेलं होतं, त्याचं आधी ऐकून तरी घ्यायचं होतंत. बरोबर आहे तिचं. पोस्टाने पाठवलं तर तुझ्या मॅचचा बुधवार उलटून जाईल, म्हणून कागदावर लिहून मनालीला फोटो काढायला लावतोय. मोबाईलवर लिहायला बसलो की मनातलं निम्मं राहून जातं.

आधी कालच्या मॅचचं बोलू. रात्री मी क्षणचित्रं पाहिली. 30-8. वेम्बलीला 26-6, लिव्हरपूलला एव्हर्टनच्या नव्या मैदानात 14-4, आणि काल हे. तिन्ही कसोट्या मिळून ऑस्ट्रेलियाचे 70 गुण आणि इंग्लंडचे 18. तू म्हणत होतास की 1970 नंतर ॲशेस एकदाही ब्रिटनकडे आली नाही, या वेळी घरच्या मैदानावर काहीतरी होईल. तुझ्यामुळे मलाही आशा लागली होती. लिव्हरपूलचा सामना बघताना मी आईला म्हटलंसुद्धा, हे ऑस्ट्रेलियावाले साखळी धरून उभे राहतात बघ. एकाने हात घातला की दुसरा कमरेला, तिसरा पायाशी. आपल्या वेळी कबड्डीत अशी साखळी लागली की समोरच्या चढाईपटूला मध्यरेषा दिसायचीसुद्धा नाही. इंग्लंडची मुलं पकडीतून उठून चेंडू मागे सरकवेपर्यंत समोरची भिंत पुन्हा उभी राहिलेली असायची. सहा पकडी झाल्या की चेंडू समोरच्यांना द्यायचा, त्या सहाही अशाच संपायच्या. मला हा खेळ कळायला लागला तो तुझ्यामुळे आणि त्या पकडीमुळे.

डोक्याचं आज लिहायचं नाही असं ठरवून बसलोय.

तू पहिल्या वर्षी तिकडे गेलास तेव्हा फोनवर मला 1895 ला रग्बीतून हा खेळ वेगळा कसा झाला ती गोष्ट सांगितली होतीस, ती मी चाळीत चार जणांना तरी सांगितली असेल. हडर्सफील्डचं जॉर्ज हॉटेल, 22 क्लब, आणि भांडण कशावरून, तर खाड्यावरून! शनिवारी खेळायला गेलं की गिरणीतली, खाणीतली मजुरी बुडते, ती भरून द्या एवढंच त्या क्लबांचं मागणं. वरच्यांना ते पटलं नाही, म्हणून हे वेगळे झाले. नंतर माणसंही पंधराची तेरा केली. ते ऐकताना मला आबा आठवले. माझ्या पहिल्या मोठ्या स्पर्धेला ते खाडा करून आले होते. पाळी सोडली, पगार कापला गेला, आणि मैदानाच्या दोरीपाशी डबा हातात धरून उभे राहिले. घरी येऊन एक शब्द बोलले नाहीत. यॉर्कशायरच्या गिरणीवाल्यांनी जो खेळ आपला म्हणून उभा केला, तो गिरणगावातल्या बदली कामगाराचा नातू खेळतो, याचा मला किती अभिमान आहे हे मी तुला कधी सांगितलेलं नाही. आज लिहितोय.

तू गुरुवारच्या फोनमध्ये दोनदा विचारलंस, आईचा वाढदिवस या महिन्यात कितवा दिवस आहे म्हणून. पहिल्यांदा मी सांगितलं. मग तू प्रॅक्टिकलबद्दल बोललास, घरमालकाबद्दल बोललास, आणि पुन्हा तेच विचारलंस. तुझ्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मी आईला अजून सांगितलेलं नाही. तोपर्यंत 29 तारखेचा तो धक्का मीही ‘खेळात लागतंच’ म्हणून सोडून दिला होता. तूच म्हणाला होतास, गुडघा कानशिलाला लागला, दोन-चार सेकंद काही कळलं नाही, नंतर ठीक. गुरुवारीसुद्धा डोकं ठणकतंय हे बोलता बोलता निघून गेलं तुझ्या तोंडून. आणि काल सांगतोस, बुधवारी खेळणार, माणसं कमी पडतायत, कॅप्टनने विचारलंय.

पुन्हा तिथेच आलो. येणारच होतो.

तू मला त्या ब्रिटनच्या कॅप्टनची, ॲलन प्रेस्कॉटची गोष्ट सांगितलीस. 1958, ब्रिस्बेनची कसोटी, चौथ्या मिनिटाला हात मोडला, गडी तसाच शेवटपर्यंत खेळला आणि ब्रिटन 25-18 जिंकलं. 1914 ची सिडनीची पण सांगितलीस, दहा माणसांनी 14-6 अशी काढलेली. गोष्टी मोठ्याच आहेत. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता. पण तूच सांगितलंस ना, की त्या काळी बदली खेळाडू नव्हता? मैदानातून माणूस गेला की गेला, त्याची जागा मोकळी. प्रेस्कॉट बाहेर गेला असता तर उरलेल्यांना सगळा सामना ओढायला लागला असता. त्याच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता. तुमच्याकडे बाकावर चार पोरं बसतात. आणि हात मोडला तर डॉक्टर तो जोडतो. 1914 च्या सामन्यात तो बिली हॉल डोक्याला मार लागून उचलून नेला होता आणि शेवटी पुन्हा मैदानात उतरला, हे तू किती कौतुकाने सांगितलंस. मला त्या रात्री झोप लागली नव्हती. का ते तुला तेव्हा बोललो नाही.

बाळूकाका तुला आठवतो तो जिन्याखालच्या ओट्यावर बसलेला. तुला लिमलेटची गोळी द्यायचा, आणि दिलेली विसरून पुन्हा द्यायचा. तू मुद्दाम त्याच्यासमोरून दोनदा जायचास. आम्ही सगळे हसायचो. तो जन्मापासून तसा नव्हता रे.

1986 ची गोष्ट. परळच्या मैदानात उपांत्य सामना, माती ओली. बाळूने डाव्या कोपऱ्यातून घोट्यात पकड घातली, गडी त्याच्यावर पडला आणि त्याचा गुडघा बाळूच्या डोक्यावर बसला. आम्ही पाणी मारलं, नाकाला कांदा लावला. तो उठून बसला. मला म्हणाला, “स्कोअर किती?” मी सांगितला. अंगाची माती झटकली आणि पुन्हा म्हणाला, “स्कोअर किती?” मी पुन्हा सांगितला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी चिडलो. एका गुणाने मागे होतो, पाच मिनिटं उरली होती, आणि आमच्यात त्याच्यासारखी चढाई करणारा कोणी नव्हता. मी कॅप्टन होतो. मीच त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हटलं, जा. तो गेला. दोन गडी मारून आला. परत येताना एकाच्या खांद्यावर त्याचं डोकं पुन्हा आपटलं, ते मी पाहिलं, पण आम्ही जिंकलो होतो. रात्री चाळीत ओकाऱ्या सुरू झाल्या. हॉस्पिटलात अकरा दिवस.

तो वाचला. गिरणीत मात्र परत जाता आलं नाही. त्याच स्पर्धेतल्या खेळावर मला बँकेत नोकरी लागली. आबांनी मला कधी काही विचारलं नाही. काकू तर दर दिवाळीला माझ्या हातावर चकली ठेवायची. तो गेला तेव्हा तू बारावीला होतास, मी खांदा दिला आणि घरी येऊन दार लावून बसलो, ते तुला वाटलं मित्र गेला म्हणून.

म्हणून काल तुझ्या कॅप्टनचं नाव ऐकलं आणि माझा तोल गेला. त्या पोराला मी नाही नाही ते बोललो. त्याला काय कळणार? बावीस वर्षांचा असेल. मी तेवीसचा होतो.

आता बघ, तू फिजिओथेरपी शिकतोस, मी तुला शरीर काय शिकवणार? तुमच्याकडे 2023 साली सरकारने हौशी खेळांसाठी डोक्याच्या मारावर जे पत्रक काढलं ते तूच मला मागच्या वर्षी वाचून दाखवलं होतंस. शंका असेल तर बाहेर बसवा. 21 दिवसांच्या आत सामना नाही. आणि काहीही त्रास नाही असे सलग चौदा दिवस गेल्याशिवाय अंगाला अंग लागणारा सरावसुद्धा नाही. मी कालनिर्णय काढून बसलो सकाळी. 29 ऑक्टोबरपासून 21 दिवस म्हणजे 19 नोव्हेंबर. पण गुरुवारी, 6 तारखेला, डोकं दुखत होतं. तिथून चौदा मोजले की 20 येते. म्हणजे 19 चा बुधवारही गेला. मी 26 वर पेन्सिलने गोल केलाय. त्याच्या आधी नाही. डॉक्टरला दाखवल्याशिवाय तर 26 लाही नाही. वाढदिवस दोनदा विचारलास हे त्याला तू स्वतः सांग. लपवू नकोस. आणि मोबाईल, लॅपटॉप कमी कर, झोप पुरी घे, रात्री दोनपर्यंत जागून...

बघ, सुरू झालं माझं भाषण. माफ कर. आई आत्ता मागून वाचत होती, म्हणाली पत्र आहे का वकिलाची नोटीस. वाढदिवसाच्या ओळीवर तिचा हात थांबला. आता तिला माहीत आहे.

तुझ्यामुळेच तिने तो लीड्स मॅरेथॉनचा व्हिडिओ पाहिला होता, 2023 चा. लीड्सचा जुना कॅप्टन केव्हिन सिनफिल्ड त्याच्याच संघातल्या, आजारी पडलेल्या रॉब बरोला व्हीलचेअरवर ढकलत शेवटापर्यंत आणतो आणि रेषा आली की त्याला दोन्ही हातांवर उचलून पलीकडे नेतो. बरोचा आजार वेगळा होता, त्याचा माराशी संबंध मी जोडत नाही. पण एकाच मैदानावर इतकी वर्षं बरोबर खेळलेली ती दोन माणसं. कॅप्टनने गड्याला कसं न्यावं, ते मी तिथे पाहिलं. तीन वेळा पाहिलं. तू त्या मैदानातून काल चालत बाहेर आलास, आणि मी तुझ्यावर ओरडलो.

तुला भित्रा म्हणतील अशी भीती आहे का? मला माहीत आहे ती भीती. पोरं पाठीवर थाप मारतात ना, तेव्हा नाही म्हणणं फार अवघड असतं. तुझ्या कॅप्टनला माझा नंबर दे हवं तर. मी इंग्रजीत बोलेन, चुकत-माकत, पण ओरडणार नाही.

फराळाचा डबा पोहोचला का ते तू सांगितलंच नाहीस. शंकरपाळ्या आत्याच्या आहेत, चकल्या काकूंच्या. त्यांचे हात आता थरथरतात, त्यामुळे काही तुटक्या असतील, तरी खा. आईचा वाढदिवस 23 ला आहे, रविवार आहे. लिहून ठेव.

बुधवारी मैदानावर जा, मी जाऊ नकोस म्हणत नाही. कडेला उभा राहा, बदली पोरांना पाणी दे. मॅच चालू असताना मला फोन कर आणि स्कोअर सांग. इथे कितीही वाजले असले तरी मी जागा आहे.

तुझा,
बाबा