वय वंदना कार्ड आले म्हणून गटविमा सोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर उजाडला की बँकांच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या आरोग्य गटविम्याचे नूतनीकरण सुरू होते आणि पाठोपाठ नोव्हेंबरात हयातीचा दाखला. मी बँकेतूनच निवृत्त झाले आणि या दिवसांत संघटनेच्या कार्यालयात अर्ज भरून द्यायला बसते. तिथे हल्ली एक प्रश्न हमखास येतो: "सरकारचे पाच लाखांचे कार्ड मिळाले, आता हा हप्ता कशाला भरायचा?" काही बँका थोडा भार उचलतात, तरी उरलेला हप्ता जुन्या पेन्शनरांना जड जातोच. त्यामुळे प्रश्न रास्त आहे. पण विचारणाऱ्याने बहुधा उत्तरही ठरवून आणलेले असते, आणि ते बऱ्याच घरांना महागात पडणारे आहे.

वर्षाला पाच लाखांपर्यंत मोफत रुग्णालयीन उपचार देणारी केंद्राची आयुष्मान भारत योजना 70 वर्षे व त्यावरील सर्वांना लागू करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने 11 सप्टेंबर 2024 रोजी घेतला आणि 29 ऑक्टोबरपासून वय वंदना कार्डे मिळू लागली. उत्पन्नाची अट नाही. मधुमेह, हृदयविकार आधीपासून असला तरी पहिल्या दिवसापासून उपचार मिळतात. खासगी विमा असणाऱ्यांनाही कार्ड काढता येते. योजना चांगलीच आहे आणि ज्यांनी कार्ड काढले नसेल त्यांनी जरूर काढावे.

घोळ पुढे आहे. कार्ड मिळते ते माणसाच्या वयावर. आमच्या पिढीत नवरा-बायकोच्या वयात पाच-सात वर्षांचे अंतर सर्रास असते. नवरा 73 चा, बायको 67 ची. म्हणजे तिला कार्ड मिळायला अजून तीन वर्षे. गटविम्यात मात्र ती आहे, आणि तीही नवऱ्याच्या नोकरीमुळे, त्याच्या अर्जावर. त्याने पॉलिसी सोडली की तिचेही छत्र गेले. परवा एक गृहस्थ 'आता विमा नको' असे लिहून द्यायलाच आले होते. मी विचारले, "वहिनींचे वय काय?" त्यांनी छताकडे पाहिले, बोटे मोजली, मग बाहेर जाऊन घरी फोन लावला. परत आले ते अर्ज घडी करून खिशात घालतच. (पलीकडून वहिनी काय म्हणाल्या ते मी विचारले नाही.)

दोघेही सत्तरी ओलांडलेले असले तरी प्रत्येकी पाच लाख मिळत नाहीत. वर्षाचे पाच लाख दोघांत मिळून. एका वर्षात एकाची बायपास आणि दुसऱ्याचे खुब्याचे हाड असे झाले, तर किती पुरतील याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

सत्तरीच्या आतल्यांना राज्याच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आधार आहे हे खरे. 1 जुलै 2024 पासून ती पाच लाखांपर्यंत आणि पांढऱ्या रेशनकार्डासकट सर्वांना लागू झाली. कपाटात कागदपत्रांच्या तळाशी गेलेले ते पांढरे कार्ड शोधून ठेवा, नावे बरोबर आहेत का पाहा. पण दोन्ही योजनांची मर्यादा सारखीच: यादीतले रुग्णालय आणि यादीतले उपचार. बाह्यरुग्ण तपासणी नाही, स्वतंत्र खोली नाही.

आणि हे दोन विमे एका बिलात जोडता येतील, पाच लाख कार्डाचे आणि वरचे पॉलिसीचे, या भ्रमात कोणी राहू नये. योजनेखाली दाखल झालेल्या रुग्णाकडून रुग्णालयाने वरचे पैसे घ्यायचेच नसतात, त्यामुळे पॉलिसीकडे पाठवायला बिलच उरत नाही. उलट, रात्री दीड वाजता छातीत दुखू लागले, मुलाने गाडी काढून जवळच्या मोठ्या रुग्णालयात नेले आणि ते यादीत नसले, तर त्या बिलाची भरपाई कार्डावर मागून मिळत नाही. पॉलिसीत ती मागता येते. तेव्हा शस्त्रक्रिया ठरवून करायची असेल आणि रुग्णालय यादीत असेल, तर दाखल होण्याआधीच तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) भेटून कार्ड वापरावे. पॉलिसीची रक्कम आणीबाणीसाठी आणि घरातल्या सत्तरीच्या आतल्या माणसासाठी राखावी. हे मुलांनाही सांगून ठेवा, कारण त्या रात्री काउंटरवर तेच उभे असणार.

खडकी, देहूरोडच्या ऑर्डनन्स (दारूगोळा) कारखान्यांतून आणि लष्करातून निवृत्त झालेल्यांची गोष्ट वेगळी. सीजीएचएस (केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असेल तर ती सुविधा किंवा आयुष्मान यांपैकी एकच निवडावी लागते. शिबिरात सगळे काढताहेत म्हणून आपणही अंगठा टेकवला, असे तिथे करू नये.

गटविमा एकदा सोडला की पुन्हा आत शिरणे अवघड. बाजारात नवी पॉलिसी घेता येते. 65 वर्षांची अट विमा नियामकाने 1 एप्रिल 2024 पासून काढलीही आहे. पण आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, आणि बहात्तराव्या वर्षी आधीचा आजार नसलेला माणूस मला तरी ठाऊक नाही.

यातले काहीही वॉर्डावॉर्डांत लागलेल्या फ्लेक्सवर नसते. तिथे हात जोडलेले फोटो आणि 'पाच लाखांपर्यंत मोफत उपचार' एवढेच. महापालिकेने निदान आपल्या नोंदणी केंद्रांवर एक साधा मराठी फलक लावावा: कार्ड कोणाला, रक्कम कोणाकोणात मिळून, आणि पुण्यातली कोणती रुग्णालये कोणत्या उपचारांसाठी यादीत आहेत.

दुसरी मागणी केंद्राकडे. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील 18 टक्के जीएसटी माफ झाला, गटविम्यावरचा मात्र राहिला. कंपनी हप्ता भरते तिथे ते समजू शकते. पण निवृत्तांच्या गटात बँकेने थोडा भार उचलला तरी उरलेला हप्ता पेन्शनर स्वतःच्या खिशातून भरतो. शेजारच्या फ्लॅटमधला त्याच्याच वयाचा माणूस वैयक्तिक पॉलिसीवर शून्य कर देतो आणि हा अठरा टक्के. पुण्यातल्या खासदारांनी हा विषय जीएसटी परिषदेपुढे नेऊन पुढच्या नूतनीकरणाआधी निकाली काढून घ्यावा.

आपली,
एक निवृत्त बँक अधिकारी
कोथरूड, पुणे