मग्दालाची मरीया आणि बाकीच्या मरीया

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं. बायबलमध्ये याकोबाला तलवारीनं मारलं, मग त्याच अध्यायात पेत्र त्याला निरोप कसा धाडतो, असं संडे स्कूलच्या पोरांनी विचारलं म्हणे. वाचून फार बरं वाटलं. पोरं लक्ष देऊन वाचतायत!

प्रेषितांची कृत्ये, अध्याय 12 पुन्हा काढ. दुसऱ्या वचनात मारला गेला तो योहानाचा भाऊ, जब्दीचा याकोब. सतराव्या वचनात निरोप जातो तो प्रभू येशूचा भाऊ याकोब याला. यरुशलेमची मंडळी पुढे तोच सांभाळतो. त्याच अध्यायात योहानही दोन आहेत. दुसरा योहान म्हणजे मार्क, आणि त्याच्या आईचं नाव पुन्हा मरीया. पोरांना एवढा एकच अध्याय दे आणि प्रत्येक नावाशेजारी बाप, भाऊ, मुलगा, गाव काय दिलंय ते शोधायला लाव. आपल्याकडे एका नावाचे दोघं असले की बापाचं नाहीतर आळीचं नाव जोडतात, तसंच हे. हेरोद नावाच्या राजांसाठी तर फळ्यावर वंशावळच काढ: बाळांची कत्तल करणारा थोरला हेरोद, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शिर उडवणारा त्याचा मुलगा अंतिपा, आणि अध्याय 12 मधला नातू अग्रिप्पा, जो इ.स. 44 मध्ये मेला.

पण पुढच्या पाठात मग्दालाची मरीया 'ती पापी स्त्री' म्हणून शिकवणार, असं तू लिहिलंयस. कळकळीनं सांगतो, तसं शिकवू नकोस.

लूकच्या शुभवर्तमानात, अध्याय 7 मधली, प्रभूचे पाय आसवांनी भिजवणारी बाई बिननावाची आहे. मग्दालाची मरीया लूक त्यानंतर, आठव्या अध्यायात आणतो आणि नवीन माणसाची ओळख करून द्यावी तशी आणतो. तिच्यातून सात भुतं निघाली होती. ते दुखणं होतं. तिच्या चालचलणुकीबद्दल तिथं एक अक्षर नाही. तिसरी बेथानीची मरीया, मार्था आणि लाजर यांची बहीण. योहान 12 मध्ये प्रभूच्या पायांना जटामांसीचं तेल लावते ती ही. तिचं गाव यरुशलेमपासून जेमतेम तीन किलोमीटरवर, तर मग्दाला तिकडे गालील समुद्राच्या काठी. घोळात भर घालणारे शिमोनही दोन: लूकमध्ये जेवण परूशी पंथाच्या शिमोनाकडे आहे, तर मार्क 14 मध्ये बेथानीला, कुष्ठरोगी शिमोनाकडे. दोन्हीकडे सुगंधी तेलाची कुपी आहे. त्यामुळे वाचणाऱ्यांनी तिघींची एक करून टाकली.

रोममध्ये इ.स. 591 च्या प्रवचनात पोप पहिले ग्रेगरी यांनी हे एकत्रीकरण ठामपणे मांडलं आणि पश्चिमेकडे तेच रुळलं. पूर्वेकडच्या चर्चनं या तिघी वेगळ्याच मानल्या. कॅथलिक उपासना दिनदर्शिकेत दुरुस्ती 1969 साली झाली. 2016 मध्ये मग्दालाच्या मरीयेच्या 22 जुलैच्या दिवसाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा मिळाला, आणि 2021 पासून 29 जुलैला मार्थासोबत बेथानीची मरीया आणि लाजर यांचंही स्मरण होतं.

मला हे एवढं का लागतं, तर मार्क 15:40, 15:47 आणि 16:1 लागोपाठ वाच. वधस्तंभ लांबून पाहणारी, प्रभूला कुठं ठेवलं ते पाहणारी आणि पहाटे कबरेकडे जाणारी, तिन्ही ठिकाणी मग्दालाची मरीया आहे. तिच्याबरोबरची दुसरी मरीया पहिल्यांदा 'धाकटा याकोब व योसे यांची आई', मग 'योसेची आई', मग 'याकोबाची आई' होते. मग्दालाचीची खूण मात्र एकदाही बदलत नाही. मरण, दफन आणि रिकामी कबर यांची साक्ष तिच्यावर उभी आहे. 'मी प्रभूला पाहिले आहे' असं शिष्यांना जाऊन सांगणारी तीच. तिच्यावर दुसरीचं पाप आपण शतकानुशतकं लादलं, आणि अजून मुलांना तेच शिकवायचं?

योहान 19:25 मधली क्लोपाची मरीया राहिलीच. ती आणि याकोबाची आई एकच, असं पुष्कळ भाष्यकार म्हणतात. मलाही तसंच वाटतं. तुझं काय मत, ते पाठ झाल्यावर सविस्तर लिही. घरी सगळ्यांना सलाम सांग.

तुझाच,
जुना मित्र