जुन्या शेव्हरोलेचा फाळका

कोल्हापूर

प्रिय विजय,

सप्रेम नमस्कार. तुझ्या १९५१च्या शेव्हरोले ३१०० पिकअपचे फोटो नीट पाहिले. मागचा माल भरायचा हौदा इतका सरळ निघाला याचा फार आनंद झाला. फाळका, म्हणजे हौद्याचं मागे खाली उघडणारं दार, मात्र गेला आहे. खालची गोलाई गंजून पोकळ झाली की ठिगळं लावून काही साधत नाही. या मॉडेलचा नवा फाळका अमेरिकेत तयार मिळतो, पण तो कारखान्याच्या मापाच्या हौद्यासाठी असतो, आणि सत्तर वर्षं माल वाहिलेला हौदा त्या मापाला उरत नाही. तेव्हा तू स्वतः करणार म्हणतोस ते मला मनापासून पटलं.

मुंबईत एखादा जुना मिळेल का, असं विचारलं होतंस. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ ते १९५४ चालला आणि शेव्हरोले तिथे जोडली जायची हे खरं, पण त्या आशेवर काम अडवू नकोस.

पहिली गोष्ट म्हणजे माप जुन्या फाळक्यावरून घेऊ नकोस. फाळका हौद्याच्या तोंडाला आणि बिजागरीच्या रेषेला बसवायचा असतो. आधी हौद्याच्या आडव्या पट्ट्या, लाकडी फळ्या, चासीचे (गाडीच्या सांगाड्याचे) बोल्ट सगळं कसून घे. मग तोंडाची रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोज. हौद्याच्या बाजू वरून फाकलेल्या असतात, त्यामुळे वर पाच-सहा मिलिमीटर जास्त भरलं तर रॅचेटचा पट्टा लावून ओढून घे आणि पुन्हा मोज. दोन्ही कर्ण सारखे आल्याशिवाय पत्र्याला हात लावू नकोस. कागदावर आतली रुंदी ५० इंच, म्हणजे १२७० मिलिमीटर. तुझी जी येईल ती खरी. दोन्ही बाजूंना चार-चार मिलिमीटर फट सोड. रंग चढल्यावर ती थोडी कमी होते आणि हौदा चालताना पिळतो, त्यामुळे दोन मिलिमीटरवर समाधान मानलंस तर पहिल्याच खड्ड्यात कडेचा रंग सोलून निघेल.

आता बिजागरी. दोन्ही ब्रॅकेटमधून एक सरळ ब्राइट बार (गुळगुळीत पोलादी सळई) आरपार घाल, व्यास भोकाच्या मापाचा. तो बोटाने फिरला पाहिजे. अडकला तर ब्रॅकेटखाली शिम (पातळ पत्र्याची चकती) घालून रेषा जुळव, फाळक्यात खोट काढत बसू नकोस. फाळका उघडताना वरची कड बाहेर जाते आणि खालची कड आत, हौद्याच्या दिशेने, फिरते. पिनच्या मध्यापासून खालची कड १५ मिलिमीटर आणि आतली बाजूही १५ मिलिमीटर असेल, तर तो कोपरा २१ मिलिमीटरच्या वर्तुळात फिरतो. हौद्याची शेवटची पट्टी त्याच्या आत आली की फाळका अर्ध्यावर अडतो आणि जोर केला की पिन वाकते. खालची कड गोल गुंडाळून पिन बरोबर तिच्या मध्यात ठेवली की ही अडचणच उरत नाही, कारण फिरताना कड आपल्याच जागी फिरते. २५.४ मिलिमीटरच्या पाइपवर १.२चा पत्रा गुंडाळलास तर बाहेरची त्रिज्या १३.९ येते, पिनच्या मध्यापासून पट्टीपर्यंत १७ मिलिमीटर मोकळे असले की झालं. तरीही आधी १२ मिलिमीटर प्लायवूडचा खोटा फाळका त्याच पिनांवर टांगून उघडझाप करून बघ. तासाभराचं काम आहे, आणि पत्रा वाचतो.

पत्रा १८ गेज कोल्ड रोल्ड (थंड लाटलेला, गुळगुळीत) घे, जाडी सुमारे १.२ मिलिमीटर. १६ गेज मजबूत वाटतो, पण तो जाड असतो, आणि फाळक्यावर शेव्हरोलेचं नाव उठवायचं त्या अक्षरांच्या कडा त्यात भोंगळ येतात. गॅल्व्हनाइज्ड (जस्त चढवलेला) नकोच, वेल्डिंगला जस्ताचा धूर होतो आणि टाके फसफसतात. कापताना चारही बाजूंना ४० मिलिमीटर जादा ठेव. अक्षरं उठवताना पत्रा आत ओढला जातो, म्हणून अंतिम माप अक्षरं झाल्यावरच.

खरी कसोटी अक्षरांचीच. शेव्हरोलेचं नाव रोमन लिपीत नऊ अक्षरांचं. १२ मिलिमीटर प्लेटमधून लेझरने नर आणि मादी डाय (एकमेकांत बसणारे उंच आणि खोल साचे) कापून घे, दोन्हींत प्रत्येक बाजूला १.३ मिलिमीटर जागा सोड, आणि सगळ्या कडा दोन मिलिमीटर त्रिज्येने कानशीने गोल कर. धारदार कड राहिली तर पत्रा तिथेच फाटतो, आणि तोही कोपऱ्यात, जिथे भरून काढणं सर्वांत अवघड. खोली तीन मिलिमीटर, फार तर चार. एकेक अक्षर दाबायला २० टनाचा प्रेस पुरतो. फाळका प्रेसच्या दोन खांबांमधून पुढून मागे सरकवावा लागेल, म्हणून अक्षरांची ओळ त्याच दिशेत धर आणि दोन्हीकडे डायच्या उंचीला रोलर स्टँड लाव. पत्रा लोंबला की डायच्या कडेला मोड पडते आणि ती मोड रंगाखालीही दिसते.

मधल्या अक्षरापासून, म्हणजे पाचव्या, ‘आर’ या अक्षरापासून सुरुवात कर, मग एक डावीकडचं, एक उजवीकडचं. एका टोकापासून दाबत गेलास तर सगळी ओढ एकीकडे साठते आणि पत्रा पिळतो. त्याआधी अक्षरांच्या पट्ट्यावर इंग्लिश व्हीलचे (दोन चाकांत पत्रा दाबून ताणणाऱ्या यंत्राचे) हलके हात मार, मधोमध तीन-चार मिलिमीटर पोट येईपर्यंत. दाबताना मधला भाग आखडतो. हे पोट ती ओढ भरून काढतं. ते केलं नाही तर मधला भाग आखूड आणि कडा लांब राहतात, कडांना लाटा येतात. उलट पोट जास्त झालं तर पत्रा बोटाने दाबल्यावर डब्यासारखा टक-टक वाजतो. दोन तुकड्यांवर आधी करून बघितल्याशिवाय खरा पत्रा प्रेसवर ठेवू नकोस.

मग छाटणी, कोपऱ्यांच्या खाचा, आणि बाजूच्या २५ मिलिमीटरच्या घड्या. १.२च्या पत्र्याला आतली त्रिज्याही १.२ असली तर प्रत्येक काटकोनाला २.१ मिलिमीटर वजा कर. बाहेरची रुंदी १२६२ हवी असेल तर १२६२ अधिक ५० वजा ४.२, म्हणजे १३०७.८. तुझ्या मशीनची त्रिज्या वेगळी असू शकते, म्हणून त्याच पत्र्याची पट्टी वाकवून आधी मोज. घडी जिथे संपते तिथे तीन मिलिमीटरचं भोक पाड, नाहीतर चीर तिथून सुरू होते.

वरची आणि खालची गोलाई शेवटी. पाऊण वेढ्याला सुमारे ६३ मिलिमीटर पत्रा लागतो. आधी अगदी शेवटची १५ मिलिमीटर कड पाइपवर वळव. बाकीचा भाग वळल्यावर तिथे हातोडी पोचत नाही. मग लाकडी मोगरीने पूर्ण लांबीवर थोडं-थोडं, तीन-चार फेऱ्यांत. एक टोक पूर्ण करून पुढे गेलास तर पत्रा तिरका चालतो. खालच्या पाइपच्या दोन्ही टोकांत पिन फिरायला ६० मिलिमीटर लांबीचा बुश (नळीसारखा तुकडा) बसव आणि बाजूने आठ मिलिमीटरचं भोक पाडून त्यातून वेल्ड भर.

वेल्डिंगला मिग मशीनची ०.६ मिलिमीटर तार, आणि नुसते टाके, म्हणजे सुटे ठिपके. २५ मिलिमीटरवर एक, मग मधे-मधे. पत्र्याला हात लावता आला की पुढचा टाका. सलग रेघ ओढलीस तर पत्रा तिथे आखडतो.

उघडा फाळका तोलणाऱ्या साखळ्या जिथे जोडल्या जातात तिथे आतून तीन मिलिमीटरची प्लेट लाव. नव्वद किलोचा माणूस ४५० मिलिमीटरच्या फाळक्याच्या कडेला उभा राहिला आणि साखळ्या बिजागरीपासून ४०० मिलिमीटरवर ४५ अंशात असल्या, तर प्रत्येकीवर सुमारे ७२ किलो येतात. एक साखळी दोन कड्यांनी जरी लांब झाली तरी सगळं दुसरीवर, १४३ किलो, आणि फाळक्याला कायमचा पीळ. दोन्ही साखळ्या टेबलावर शेजारी ताणून कड्या मोज. साखळ्यांना रबराचं आवरण घाल, नाहीतर रंग घासून निघतो.

खालच्या गोलाईत पाणी निघून जायला दर ३०० मिलिमीटरवर आठ मिलिमीटरचं भोक पाडायचं, आणि ते सीलरने बुजवायचं नाही. जुना फाळका याच जागी कुजला. जिथे पत्र्यावर पत्रा बसतो तिथे वेल्डिंगआधी जस्ताचा प्राइमर, आणि रंग झाल्यावर आतून मेण. बाहेरून इपॉक्सी प्राइमर घेतलास की पुरे.

बार आरपार जाऊन फिरला की ब्रॅकेटचा जवळून फोटो आणि तोंडाची तिन्ही मापं पाठव, म्हणजे डायची मापं इथे बसून एकदा तपासतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनिल