सशांनी केलेल्या पिकांच्या नुकसानीकडेही बघा

संपादक साहेब, नमस्कार. राधानगरी, पन्हाळा, भुदरगड भागात गव्यांनी पिकं तुडवली की बातमी येते आणि यायलाच पाहिजे, पण सशांनी सोयाबीन खाल्लं तर कोण विचारत नाही. आमच्या शेजारचं रान बरीच वर्षं पडीक आहे, मालक पुण्याला, गवत कमरेएवढं झालंय. आपला रानससा बीळ करत नाही, तो असल्या गवतातच दबा धरून बसतो आणि रात्री बाहेर पडून कोवळी रोपं खातो. सोयाबीन, भुईमूग दोन पानांवर असताना शेंडा गेला की ते रोप परत नीट उभं राहत नाही. कातरीनं तिरकं कापल्यागत दिसलं आणि बाजूला गोल लेंड्या असल्या तर समजायचं ससाच.

काहीजण फास लावतात, विष ठेवतात, कुंपणात करंट सोडतात. हे अजिबात करू नका! 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकार गुन्हा आहे आणि करंटनं माणसं मेलीत. बारीक जाळी अडीच फूट उंच लावायची, खालची कड बाहेर वळवून मातीत गाडायची, त्यानं चांगला फरक पडतो. पण जाळीचा खर्च एकट्या शेतकऱ्यानं का सोसायचा? पडीक रानाच्या मालकानं निदान बांधाकडचा पट्टा तरी साफ ठेवावा, ग्रामपंचायतीनं तसं त्याला कळवावं, आणि वनखात्यानं सशाच्या नुकसानीचेही पंचनामे पेरणीनंतर लगेच करावेत, कारण नंतर दाखवायला रोपच राहत नाही.

– एक शेतकरी, पन्हाळा तालुका, जि. कोल्हापूर